फॉर्मवरची जन्मवेळ

जर्मनीच्या अभ्यासदौऱ्याच्या फॉर्मवर जन्मवेळ विचारली होती आणि मी ती भरली. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, देव जाणे. मी अर्थशास्त्रात एम.ए. करत होते, वर्गात पहिल्या तिघांत असायचे, आणि कुठल्याही तक्त्यात खोट दिसली की तिच्यावर बोट ठेवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण परदेशातल्या एका विद्यापीठाला माझा जन्म सकाळचा की दुपारचा याच्याशी काय घेणं-देणं, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. जळगावच्या होस्टेलमधून मी सरळ गावी आईला फोन लावला. आमचं गाव रावेरजवळ, केळीच्या बागांमधलं.

“सहा पंचवीस,” आई म्हणाली. “सकायचे. नीट लिहिजो.”

कशाला पाहिजे, असं तिनं विचारलं नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच फॉर्मवर उंची होती, रक्तगट होता, चष्म्याचा नंबर होता. “विम्याला लागतं गं सगळं,” असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि मॅडम म्हणाल्या म्हटल्यावर माझ्यापुरता तो विषय संपला होता.

मॅडम आमच्या विभागप्रमुख. मूळच्या धुळ्याच्या, नोकरीसाठी जळगावात राहायच्या, सुट्टीला धुळ्याला जायच्या. राजकारण, अर्थकारण आणि इतिहास वेगवेगळे शिकवले की मुलं तिन्हीत नापास होतात, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक बंद करून शिकवायच्या. मध्येच थांबून एखाद्याकडे बघून विचारायच्या, “तुला काय वाटतं?” मला आयुष्यात पहिल्यांदा हे कोणी विचारलं असेल तर मॅडमनी. घरी मला काय पाहिजे ते विचारायचे, जेवलीस का ते विचारायचे, पण काय वाटतं हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी उभी राहून नुसतीच घाम पुसत बसले, म्हणजे उभ्याउभ्याच. पुढे सवय झाली. मग तर मॅडम विचारतील म्हणून मी आदल्या दिवशीच मला काय वाटतं ते ठरवून ठेवायला लागले.

दौऱ्याची निवड निबंधावर होती. आपल्या गावाचं किंवा भागाचं राजकारण, अर्थकारण, इतिहास यातलं काहीही घ्यायचं, वीस पानं लिहायची, पाकीट बंद करून द्यायचं, पाकिटावर फक्त रोल नंबर. सगळ्यांत चांगल्या नऊ जणांना बर्लिनला जायला मिळणार होतं. तिकडच्या विद्यापीठाचं आमच्या कॉलेजशी काही ठरलं होतं, त्यामुळे खर्चाची ओरड नव्हती. जायचं ते फक्त लिहून.

मी केळीवर लिहिलं. रोज सकाळी केळीचा भाव जाहीर होतो, तो मोबाइलवर सगळ्यांना येतो, आणि तरीही बांधावर आलेला व्यापारी त्या भावाने माल घेत नाही, मग भाव नक्की ठरवतं कोण, हा माझा प्रश्न. दोन महिने प्रत्येक शनिवार-रविवारी गावी जाऊन मी पॅकिंगच्या शेडमध्ये वही घेऊन बसले. घड कापणाऱ्यांना विचारलं, ट्रकवाल्यांना विचारलं, दिल्लीच्या फोनवर ओरडणाऱ्या दलालाला विचारलं. तो म्हणाला, “ताई, लग्न करा.” ते पण मी निबंधात घातलं.

होस्टेलवर माझ्या खोलीत जी मैत्रीण होती ती पिंपळनेरच्या पलीकडची, पार डोंगराकडच्या पाड्यावरची. तिनं लिहिलं होतं तिच्या गावाबद्दल. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातकडे जातं, घरांना कुलपं लागतात, आणि त्याच दिवसांत ग्रामसभेचे ठराव होतात. मग जे गावात नाहीत त्यांच्या वतीने हात वर कोण करतं? तिनं घराघराला जाऊन लिहून आणलं होतं. निबंध तिनं मला वाचायला दिला तेव्हा मी तो एका बैठकीत वाचून काढला. माझा चांगला होता. तिचा त्याहून चांगला होता. मी तिला म्हटलं, “छान आहे गं,” आणि तिच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून दिल्या. माझ्या मनाचा मोठेपणा तेवढाच.

यादी लागली. नऊ नावांत माझं पहिलं. खाली ‘प्रतीक्षा यादी’ असं लिहून एकच नाव होतं, तिचं. ती यादीकडे बघत थोडा वेळ उभी राहिली, मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “तुझा भारी होता, मला माहीत होतं.” मला इतका आनंद झाला होता की तिच्या चेहऱ्याकडे बघायचंही राहून गेलं.

गावात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेढे वाटले. आमच्या घरातली कुठलीच मुलगी जळगावच्या पुढे एकटी गेली नव्हती. काकांनी नाक मुरडलं, आजीनं जेवण टाकलं. आबा एकटे सगळ्यांना पुरून उरले. पारावर बसून ज्याला-त्याला सांगायचे, “माही पोरगी डोक्यानं जाऊन राह्यली, वशिल्यानं नाही.” हे वाक्य मी स्वतः दोनदा ऐकलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना दाराआड उभी राहून रडले. इतकी मी त्यांच्यावर खूश होते.

बर्लिनमध्ये आम्ही विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात उतरलो. मुलींच्या दोन खोल्या होत्या, पण मॅडमनी मला त्यांच्या खोलीत घेतलं. बाकीच्या मुली माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होत्या. मला वाटलं, निबंधात पहिली आले म्हणून हा मान. सकाळी मी लवकर उठायची, मॅडम पांघरुणातून म्हणायच्या, “तुला गजराशिवाय जाग येते?” मी म्हणायची, हो. त्या म्हणायच्या, “छान.” संसदेच्या त्या काचेच्या घुमटात गोल फिरत वर चढायचं असतं. मी चालत गेले आणि वर पोचून बाकीच्यांची वाट बघत उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, “दम लागत नाही का तुला?” मी म्हटलं, शेतात वाढलेय मॅडम. त्या हसल्या. मीही हसले. वर उभं राहून खाली सभागृह दिसतं. लोकांनी निवडून दिलेल्यांच्या डोक्यावर लोकांनी चालावं म्हणून ते तसं बांधलंय, असं आम्हाला सांगण्यात आलं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पावाचा कंटाळा आला म्हणून पोळ्या करायच्या ठरल्या. पीठ मिळालं, तवा मिळाला, लाटणं मिळेना. मी एक रिकामी काचेची बाटली धुतली आणि तिनं पोळ्या लाटल्या. आम्हा दहा जणांना पुरतील इतक्या. मॅडम ओट्याला टेकून मोबाइलवर शूटिंग करत होत्या. “बघा, बाटलीनं आणि तरी कशी गोल!” असं त्या मोठ्यानं म्हणत होत्या. मला वाटलं, त्या आम्हाला म्हणतायत. त्या मोबाइलला म्हणत होत्या, हे मला नंतर कळलं.

मॅडम रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या, धुळ्याला, आपल्या माहेरी. अहिराणीत बोलायच्या. आमच्या रावेरकडची बोली वेगळी, पण अहिराणी कानावर असते, सगळी कळते. फक्त मी ऐकायची नाही. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये असं मला शिकवलं होतं. चांगलं वळण लावलं की माणूस किती सोयीचं होतं बघा.

आठव्या दिवशी आम्ही बर्लिनच्या भिंतीच्या आठवणींचं एक संग्रहालय बघायला गेलो. दाखवणारी बाई सत्तरीची, पूर्व बाजूला वाढलेली. सावकाश इंग्रजी बोलायची, म्हणून आम्हाला कळायचं. तिनं पाळतीबद्दल सांगितलं, शेजारी शेजाऱ्याची खबर कशी द्यायचा ते सांगितलं, आणि मग म्हणाली की आमच्याकडे केळी मिळत नसत. कधी आली तर रांग लागायची. नाताळला घरात एक केळं आलं तर चौघांत कापून खायचो. भिंत पडली तेव्हा पलीकडे जाऊन कित्येकांनी आधी केळी घेतली, त्यावरून पश्चिमेचे लोक आम्हाला हसले.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं की आमच्याकडेही केळीची रांग असते, पण ती ट्रॅक्टरची. आणि भाव पडला की आम्ही केळी म्हशींना घालतो. बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली, हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि माझा हात धरून म्हणाली की म्हशीला मिळायचं ते आम्हाला मिळत नव्हतं म्हणजे! मग म्हणाली, तुम्ही हे लिहा. मी म्हटलं, लिहिलंय, त्याच्यावरच तर मी इथे आलेय. जगात त्या क्षणी माझ्याइतकं सुखी कोणी नसेल. माझ्या गावची केळी, त्यांची भिंत, माझा निबंध, सगळं एका जागी आलं होतं.

त्यानंतर अर्ध्या तासाने आम्ही तिथल्या उपाहारगृहात सूप घ्यायला रांगेत होतो. मोबाइल वाजला. घरच्या ग्रुपवर आत्यानं फोटो टाकला होता. आमचीच बैठकीची खोली, सतरंजी, दोन्ही बाजूंना पुरुष, मध्ये ताट, ताटात नारळ, कुंकू आणि सुपारी. आबांच्या कपाळाला कुंकवाचा टिळा. खाली आत्यानं लिहिलं होतं, ‘आमच्या जर्मनीवालीची सुपारी फुटली, सर्वांचे अभिनंदन.’

आमच्याकडे सुपारी फुटणं म्हणजे लग्न ठरणं. दोन्हीकडचे मोठे बसतात, सुपारी फोडतात, आणि शब्द पक्का होतो. त्याला मुलगी घरात असावी लागत नाही, हे मला माहीत होतं. पण खंडातसुद्धा असावी लागत नाही, हे नवीन होतं. मी फोटो मोठा करून बघितला. आबांच्या शेजारी, टिळा लावून, मॅडमचे यजमान बसले होते. त्यांना मी गॅदरिंगला पाहिलेलं. मी मान वर केली. रांगेत माझ्यापुढे दोन माणसं सोडून मॅडम उभ्या होत्या, त्यांच्याही हातात मोबाइल होता, आणि त्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

मी माझ्या मागच्या मुलाला विचारलं, “तुझ्या फॉर्मवर जन्मवेळ होती का रे?”

“जन्मवेळ? कशाला, कुंडली जुळवायचीय का जर्मनीशी?” असं म्हणून तो हसला. आणखी दोघांना विचारलं. कोणाच्याच फॉर्मवर नव्हती. उंची नव्हती, चष्म्याचा नंबर नव्हता.

एरवी मुलगी बघायला येतात तेव्हा अर्धा तास लागतो. पोहे येतात, शिक्षण विचारतात, एखादी म्हातारी चालून दाखव म्हणते. माझं बघणं आठ दिवस चाललं होतं, दुसऱ्या देशात, आणि बघणारी माझ्या खोलीत झोपत होती. मॅडमजवळ गेले तर त्यांनी माझ्या गालाला हात लावला. “त्या आत्याला कोणी सांगितलं होतं घाई करायला! तुला घरी गेल्यावर सांगायचं ठरलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझा सख्खा भाचा आहे. पुण्याला आहे. सोन्यासारखा मुलगा.” मी काहीतरी बोलायला गेले. त्या म्हणाल्या, “इथे नको. सगळ्यांसमोर नको.” आणि मी गप्प बसले. उरलेले चार दिवस मी त्यांच्याच खोलीत राहिले, त्यांच्या मागून चालले, युद्धाच्या स्मारकाशी त्यांनी माझा हात धरला तेव्हा तो सोडवून घेतला नाही. स्वतःचा इतका राग मला त्याआधी आला नव्हता.

जळगाव स्टेशनवर आबा हार घेऊन उभे होते. मी हार घातला नाही, हातात धरला. गाडीत बसल्यावर विचारलं, “कधीपासून ठरलं होतं?”

“मॅडमनं विचारलं व्हतं,” आबा समोर बघत म्हणाले. “म्हने, पोरगी मले पसंत हाय, पन पाह्यल्याशिवाय घरचे व्हय म्हनत नाही. मी म्हनलं, पाहा.”

“कधी विचारलं?”

“तू फॉर्म भरला त्याच्या आधी.”

“मग डोक्यानं चाललीय, वशिल्यानं नाही, असं गावभर का सांगत होता?”

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “तुले जाऊ देलं ना? कोनाच्या बापानं देलं असतं? त्या घरात तुले शिकू देतीन, नोकरी करू देतीन. मी काय वाईट पाह्यलं तुह्यं?” आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात खोटं काहीच नव्हतं. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी माझ्यासाठी जग जिंकून आणलंय. मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं, आणि ते इतके थकलेले दिसत होते की ओरडता येईना. घरी आईला विचारलं, तुलाही माहीत होतं का? ती म्हणाली, “तू एवढी खुश व्हतीस.”

मी लग्न करणार नाही, असं दुसऱ्या दिवशी सांगितलं. आबा म्हणाले, शब्द दिलाय. मी म्हटलं, तुम्ही दिलाय. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मी रावेरहून जळगावला आणि जळगावहून धुळ्याची एसटी धरली. रविवार होता, मॅडम माहेरी असणार हे मला माहीत होतं.

धुळ्याच्या देवपूर भागातलं घर, पुढे तुळस, ओट्यावर मॅडमच्या आई बसलेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आत हाक मारली, “बाटलीवरी पोया लाटस तीच ना हाई पोर? ई गयी व माय!” मग मला जवळ बसवून म्हणाल्या, “बठ्ठासनी देखं तुले मोबाइलमा. भारी लाटस तू.”

सगळ्यांनी मला पाहिलं होतं. सगळ्या घरानं, कदाचित गल्लीनंही. मी मात्र त्या मुलाला आजतागायत पाहिलेलं नाही. भला असेल बिचारा.

मॅडम बाहेर आल्या. मी येताना एसटीत भाषण ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. मी विचारलं, “मॅडम, माझ्या निबंधात काय होतं?”

“म्हणजे?”

“मी काय लिहिलं होतं?”

“केळीवर होता ना तुझा?”

“केळीवर काय होतं?”

मॅडम खुर्चीत बसल्या. त्या खोटं बोलू शकल्या असत्या. नाही बोलल्या, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. “तुझा वाचायची गरजच पडली नाही गं,” त्या म्हणाल्या. “तुझं नाव आधीच नक्की होतं. बाकीच्या आठांसाठी वाचले मी, अगदी रात्री जागून वाचले. तुझं लिखाण चांगलं असणार हे मला माहीत नाही का?”

“पाकीट उघडलं तरी का?”

त्यांनी पदर सारखा केला. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “हे बघ, मी तुझ्याबद्दल एक शब्द खोटा सांगितला नाही. घरच्यांना म्हटलं, मुलगी अत्यंत हुशार आहे, आणि उलट बोलत नाही. अशी शंभरात एक मिळते. मला तू घरात हवी होतीस. यात तुझा अपमान कुठे झाला ते मला सांग.”

खरंच सांगते, मला ते सांगता आलं नाही. मला भाव कोण ठरवतं यावर वीस पानं लिहिता आली होती, आणि हे एक वाक्य जमेना. मी त्यांच्या आईसमोर, त्यांच्या ओट्यावर, हमसून हमसून रडले. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटलं, सासरी येण्याच्या विचारानं रडतेय. शेवटी एवढंच बोलले, “मला तुमच्या घरात नाही यायचं. आणि मॅडम, तुम्ही मला काय वाटतं ते विचारत होतात ना, ते खरंच विचारताय असं मला वाटायचं.” त्या ‘बस, पाणी घे’ म्हणाल्या. मी पाणी न घेता निघाले.

लग्न मोडलं. आबांना चार माणसांत खाली बघावं लागलं, महिनाभर ते पारावर गेले नाहीत. गावातले लोक म्हणाले, पोरीला जर्मनीची हवा लागली. काका म्हणाले, मी आधीच सांगत होतो. मॅडम पुढच्या वर्षी धुळ्याच्या एका कॉलेजात गेल्या, जाण्यापूर्वी माझ्या प्रबंधावर त्यांनी चांगला शेरा दिला. तोही वाचून दिला की न वाचता, हे मी विचारलं नाही. आबा आणि मी आता नीट बोलतो. पण मी कुठे पहिली आले, कुठे नोकरी लागली, तर ते मान हलवतात आणि चारचौघांत माझ्याबद्दल काही बोलत नाहीत. त्यांनी काही बोलावं असं मला फार वाटतं. ते बोलले तर मी विश्वास ठेवणार नाही, हेही मला माहीत आहे.

नंतर कितीतरी दिवस मी त्या दौऱ्यातली एकेक गोष्ट काढून तपासत बसायची. खिडकीजवळची जागा मॅडमनी मला दिली, ती कोणाला दिली? थंडीत स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली, ती माझ्या की भाच्याच्या बायकोच्या? त्या घुमटातून मी जे बघितलं ते तरी माझंच होतं ना? असं किती तपासणार. एक उत्तर मात्र तपासावं लागत नव्हतं. नऊ जागा होत्या, आठ वाचून भरल्या, एक न वाचता. आणि वाचून भरली असती तर त्या जागेवर कोण गेलं असतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण तो निबंध मी माझ्या हाताने दुरुस्त केला होता.

ती मैत्रीण आता पिंपळनेरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या दौऱ्यानंतर तिनं पुढे काही लिहिलं नाही. मी दोन-तीनदा विचारलं तर म्हणाली, “जाऊ दे गं, ते तुझं काम.” मी तिला काहीच सांगितलेलं नाही. लग्न मोडल्याचं तिला माहीत आहे. मुलगा पसंत नव्हता, असं मी सांगितलं. पाकिटाचं सांगायला मी प्रत्येक वेळी तोंड उघडते आणि दुसरंच काही बोलते. आधी मला वाटायचं, तिला दुःख होऊ नये म्हणून. ते खरं नाही. आबांना माहीत आहे, आईला माहीत आहे, मॅडमना माहीत आहे, मला माहीत आहे. मी माझ्या लिहिण्याच्या जोरावर गेले, असं मानणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि ते माणूस म्हणजे ती. तेवढं एक माणूस माझ्याच्यानं सोडवत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्या शाळेत गेले होते. दिवाळी होऊन गेली होती, वर्ग अर्धा रिकामा, बरीचशी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. उरलेल्यांना तिनं उभं केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “या ताई आणि मी, आम्ही दोघींनी एकाच परीक्षेला निबंध लिहिला होता. या पार जर्मनीला गेल्या, मी नाही गेले. का नाही गेले सांगा?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

“कारण यांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. जो चांगलं लिहितो, तो जातो. कळलं?”

मुलं एका सुरात हो म्हणाली आणि टाळ्या वाजवायला लागली. तीही वाजवत होती, माझ्याकडे बघत, अगदी मनापासून. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, सांग ना यांना, काय लिहिलं होतंस ते. मी खडू उचलला, फळ्यावर केळीचा घड काढला आणि सांगायला लागले.